तळ पाहून येणारा

पवनेच्या डोहावर आमच्या काठाला एक उंच कातळ होता. त्यावर उभं राहून खाली पाहिलं की नवखा माणूस दोन पावलं मागे सरायचा. विहिरीत मुटका मारून काठावरच्यांना भिजवणारी पोरं आमच्या वाडीत पुष्कळ होती. पण कातळावरून डोकं खाली करून सूर मारणारे आम्ही चौघंपाचजणच. त्यांत माझा सूर चांगला. पाण्यात शिरताना आवाज होत नसे. हे मी आता सांगतो आहे. तेव्हा दुसरे सांगायचे.

पावसाळ्यात पूर आला की नदी तळातले दगड हलवते. म्हणून दर उन्हाळ्यात पहिल्या सुराआधी एकाने बुडी मारून तळ पाहून यायचा, आणि खूण म्हणून मूठभर वाळू वर आणायची, असा आमचा रिवाज होता. माझ्यासाठी हे काम थोरल्या चुलत्यांचा मुलगा करायचा. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा. आम्ही एका ताटात जेवलो, एका घोंगडीत झोपलो. तो बुडी मारून बराच वेळ दिसेनासा व्हायचा, मग धापा टाकत वर येऊन मूठ उघडून दाखवायचा. "तीन पुरुष पाणी हाय. बिनघोर मार." आणि मी मारायचो.

मी अठरा वर्षांचा असताना होळीनंतर त्याने अशीच वाळू आणून दाखवली. पलीकडच्या काठावर शेजारच्या गावची माणसं बघत होती, म्हणून मी जरा ऐटीतच झेप घेतली. पाण्यात शिरलो आणि उजव्या हाताचं कोपर दगडावर आपटलं. डोकं थोडक्यात वाचलं. मला बाहेर ओढून काढलं ते त्यानेच.

घरी मला ओसरीवर निजवलं होतं. डोळे मिटले होते, पण ऐकू येत होतं. तो माझ्या आईला सांगत होता, "काकी, मी नगं नगं म्हनत हुतो. ह्यो ऐकलाच न्हाई."

मला वाटलं, घाबरून बोलला असेल. उद्या खरं सांगेल. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, पण कोपर वाकलेलं राहिलं ते राहिलंच. त्याचा तो उद्या काही आला नाही. मीही गप्प राहिलो. चुलती माझ्या हाताला रोज लेप लावत होती. तिच्यासमोर तिच्या मुलाचं काय सांगणार?

पुढच्या वर्षी पिंपरीच्या बाजूला एका नव्या कारखान्यात भरती निघाली. आम्ही दोघं बरोबरच चालत गेलो. डॉक्टरांनी दोन्ही हात समोर ताठ करायला सांगितले. माझा एकच झाला. त्याला काम लागलं. संध्याकाळी तो पेढे घेऊन मळ्यात आला, तेव्हा मला राहवलं नाही.

"खरं सांग, त्या दिशी तळाला गेलतास?"

त्याने पेढ्यांचा पुडा बांधावर ठेवला. "न्हाई."

"मग वाळू?"

"कातळाच्या मागल्या अंगाला उथळ हाय. तितली आनली. खाली गेलं की कान फुटायचं माझं. अंधार दिसायचा."

"आन् आदल्या वर्षाला?"

"कवाच न्हाई गेलो."

एका दिवसाची चूक मी पोटात घातली असती. पण सहा उन्हाळे मी त्याच्या उघड्या मुठीकडे पाहून कातळावरून सुटलो होतो. तो त्या वेळी मागच्या बाजूला गुडघाभर पाण्यात बसून वेळ काढत होता. भीती वाटते, एवढं एकदा बोलला असता तर मी स्वतः खाली जाऊन आलो असतो.

"घरात सांग समद्यांना," मी म्हणालो.

"आत्ता? आत्ता तर काम लागलंय. सोयरीक बी जमतीय."

मग मीच दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना सांगितलं. ते मोट हाकत होते. त्यांनी बैल थांबवले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वरीसभरानं सांगतुयास? त्याला काम लागलं म्हून पोटात दुखतंय व्हय तुज्या?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. डाव्या हाताने लिहायला शिकलो, पुढे कासारवाडीत खोली घेऊन शाळेत शिकवू लागलो.

त्याचं लग्न आमच्याच दारात झालं. मुलीकडची मंडळी तळवड्याची. मी पंगतीत जिलेबी वाढत होतो. उजवा हात पत्रावळीपर्यंत पोचत नसे, म्हणून डाव्याने. एक म्हातारे पाहुणे सगळ्यांदेखत खेकसले, "डाव्या हातानं वाढतुयास? शुभकार्याला? काय रीतभात हाय का न्हाई?"

नवरदेव दोन पानं सोडून बसला होता. त्याने ऐकलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मुंडावळ्या सावरल्या आणि भाताला मीठ लावून घेतलं.