एकशे सहा

बंगळूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात डॉक्टरांच्या हाताखालच्या मदतनिसांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम असे. माझ्याबरोबरचे सगळे मॅट्रिक झालेले. मी सातवीनंतर शाळा सोडलेला. आमच्या तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, 'मुलाचा हात हलका आहे, जनावर बुजत नाही.' एवढ्यावर मला घेतलं. पहिले तीन महिने आम्ही कच्चे; तेवढ्यात मोठी चूक झाली की घरी. मिरजेची गाडी किती वाजता सुटते ते मी पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवलं होतं.

जेवायला वार लावले होते. गुरुवारचा वार चिकपेटेतल्या एका कापडवाल्यांकडे. पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच झालेलं मराठी घर. घरच्या बाईंना सगळे अक्का म्हणत. "स्वल्प भात घे की रे अजून," त्या कानडी हेलात म्हणायच्या, "गाईची शेपटी धरताना लाजतोस काय? मग इथं कशाला?" परमुलखात कुणी मराठीत रागावलं तरी बरं वाटायचं.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी अक्का स्वतःच त्यांची गाय घेऊन कॉलेजच्या दवाखान्यात आल्या. गाईनं दोन दिवस वैरण सोडली होती. ताप बघायचं काम माझ्याकडे. नुकताच एका वासराचा घेतला होता, एकशे सहा. अक्कांना बघून मी गडबडलो. थर्मामीटर कार्बोलिकच्या बोळ्यानं पुसला, लावला, काढला. एकशे सहा. वहीत लिहिलं. तेव्हा गुरांत बुळकांडीच्या साथीची धास्ती होती. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि गाय संशयित जनावरांच्या गोठ्यात न्यायला सांगितलं.

पुढचा बैल तपासला. एकशे सहा. त्यानंतरची म्हैस, एकशे सहा. इतकी एकमताची गुरं मी पाहिली नव्हती. थर्मामीटर धुऊन स्वतःच्या काखेत धरला. मलाही एकशे सहा.

पारा झटकलाच नव्हता. त्या वासराचा ताप मी सगळ्यांना वाटत सुटलो होतो.

बोललो तर मिरजेची गाडी, आणि चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांची मान खाली. गप्प राहिलो तर कुणाला कळणार नव्हतं; फक्त अक्कांची गाय, ताप नसला तरी, साथीच्या गुरांत उभी राहणार होती. ती गोठ्याच्या फाटकाकडे निघालीही होती. अक्का तिच्या पाठीवर हात ठेवून चालत होत्या.

मी डॉक्टरांकडे गेलो. मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी गाय थांबवली, थर्मामीटर माझ्या हातातून घेतला, झटकला आणि स्वतः लावला. एकशे एक पूर्णांक आठ. गाईचं अंग एरवीही एवढं गरम असतंच.

"किती शिकलास?"

"सातवी."

"हे झटकायला सातवी लागत नाही."

बैल आणि म्हैसही त्यांनी पुन्हा तपासली. मग वहीतले तिन्ही आकडे खोडून नवे लिहिले आणि शेजारी माझी सही घेतली. मला वाटलं, आता सामान बांधायचं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "त्या गाईला अपचनाचं औषध पाज. पारा उतरला की नाही, ते बघून मगच पुढचं जनावर."

मला घरी पाठवलं नाही हे खरं वाटायला संध्याकाळ झाली.

गुरुवारी जेवायला गेलो. अक्कांनी नेहमीसारखं ताट वाढलं. मी सांगायला तोंड उघडलं, तोच त्या दारात आलेल्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या गाईचा ताप दोनदा बघितला बाई. दुसऱ्यांदा तर मोठ्या डॉक्टरांनी. एवढी काळजी माणसांच्या दवाखान्यात कोण करतं?"

मग माझ्याकडे वळून, "जेव की रे. भात तसाच आहे."

"अक्का," मी म्हणालो, "पहिल्यांदा मी चुकलो होतो."

त्यांनी तुपाचं भांडं पुढे ओढलं आणि माझ्या भातावर तूप वाढलं.