उंदराच्या तुकड्याला आराम

ज्या विषयाचा मी मास्तर आहे, तीच गोष्ट डोळ्यांदेखत घडत असताना मी तिला नाटक म्हटलं. याला चूक म्हणणंसुद्धा स्वतःला सवलत देणं आहे.

वर्ध्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवतो. पदव्युत्तर वर्गाच्या प्रॅक्टिकलला आम्ही उंदराच्या मादीच्या गर्भाशयाची बारीक पट्टी दोऱ्याने कोमट द्रावणात टांगतो. आदल्या दिवशी मादीला इस्ट्रोजेन टोचलेलं असतं, म्हणजे पट्टी औषधाला नीट जुमानते. द्रावणात कॅल्शियम मुद्दाम कमी ठेवायचं, नाहीतर ती आपली आपणच आकसत राहते. आणि टांगल्याबरोबर औषध घालायचं नाही. अर्धा तास तिला शांत होऊ द्यायचं. या अर्ध्या तासाबाबत मी फार कडक. "टिश्यूला त्रास झालाय, सावरू द्या त्याला," असं हळव्या आवाजात सांगायचो. स्वतःचा तो आवाज मला आवडायचा.

फळ्यापाशी तर मी रंगात यायचो. स्नायूच्या पेशीला कॅल्शियमची दारं असतात. ती उघडली, कॅल्शियम आत शिरलं की स्नायू आवळतो. इस्ट्रोजेन साधारणपणे स्नायूची ही तयारी वाढवतं, प्रोजेस्टेरॉन लगाम घालतं. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन उतरतं, लगाम सुटतो, स्नायूला आवळायला लावणारं प्रोस्टाग्लँडिन वाढतं, आणि गर्भाशय इतकं आवळतं की त्याचं स्वतःचंच रक्त अडतं. म्हणून कळा. वर्षानुवर्षं मी हे खडूने काढत आलोय. एवढी अक्कल हाताच्या बोटांत होती, वर कुठेच चढली नाही.

परीक्षेच्या दिवशी पुलगावहून येणारी एक विद्यार्थिनी टेबलाला धरून उभी होती, पांढरीफटक. तिच्या पट्टीचा अर्धा तास चालू होता.

"सर, पाळी आहे. खूप दुखून राह्यलं. थोडं बसू का?"

तिने तो शब्द न लाजता उच्चारला, याचाच मला राग आला.

"प्रॅक्टिकलला कोणी बसत नाही. परीक्षा आली की तुम्हा पोरींचं पोट बरं दुखतं! बसायचंच असेल तर घरी जाऊन बस. गैरहजेरी लावतो."

मागे दोन मुलं फिदीफिदी हसली. मी त्यांना दटावलं नाही. उलट आपण विनोदी बोललो असं वाटून सुखावलो. तिने ॲप्रन काढला, घडी केली आणि निघून गेली. गैरहजेरी म्हणजे तिचं सेमिस्टर अडकणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

शेजारच्या टेबलावरच्या तिच्या मैत्रिणीने विचारलं, "तिची पट्टी काढून टाकू का, सर?"

"हात लावू नकोस. विश्रांती चालू आहे तिची."

"वा, सर! उंदराच्या तुकड्याले आराम, अन् तिले नाई."

या वेळी कोणी हसलं नाही.

स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याने चहा पुढे सरकवला. "बरं केलं गा तू. एकीले सूट देली का उद्या साऱ्याच झोपतीन." त्याची मला किळस आली. मग लक्षात आलं, या माणसाला निदान खरोखरच काही माहीत नाही. माझं अज्ञान सोंग होतं, आणि तेही एका दुखणाऱ्या पोरीवर रुबाब गाजवण्यापुरतं.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, शेवटच्या बाकावर बसली. तिला केबिनमध्ये बोलावून दार लोटून मोकळं व्हावं, असा मोह झाला. टिंगल चारचौघांत आणि माफी एकांतात! तेवढा नीचपणा टाळला. फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो.

"काल तू खरं सांगितलंस," मी तिला म्हणालो. "मी खोटं बोललो, आणि ते खोटं आहे हे या खोलीत सर्वांत जास्त मलाच माहीत होतं. गैरहजेरी मी काढली आहे. परीक्षा तू म्हणशील त्या दिवशी घेऊ, बसून दे. सगळ्यांसमोर तुझा अपमान केला, सगळ्यांसमोर माफी मागतो. मला माफ कर."