सहाच्या घरातली सही

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी पंचफुलाबाई खिल्लारे सकाळी आठच्या आत वेणी घालून, मनगटावर घड्याळ बांधून तयार असतात. जायचं मात्र कुठेच नसतं.

हिंगोलीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात, त्यांची एकतीस वर्षं गेली. त्या दिवसांची आठवण आली की आधी वास येतो. फिनेलचा, स्पिरिटचा, आणि नरसीहून, जवळा बाजारहून आलेल्या बायकांनी फडक्यात बांधून आणलेल्या भाकरीचा. पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन थेट खाटांवर यायचं आणि रात्रभर किरकिरलेली लेकरं नेमकी तेव्हाच झोपायची. डॉक्टर यायचे, दोन-तीन वर्षं काढून नांदेडला नाहीतर पुण्याला निघून जायचे. पंचफुलाबाई तिथेच. कुणाला न सापडणारी शीर त्यांच्या बोटांना सापडायची. आणि औषधांचा तक्ता असा स्वच्छ लिहायच्या, की नर्सिंग शिकायला येणाऱ्या मुलींना तो मुद्दाम दाखवला जायचा.

त्या तक्त्यानंच एकदा त्यांची परीक्षा घेतली.

नोकरीचं शेवटून दुसरं वर्ष होतं. औंढ्याजवळच्या तांड्यावरून मिराबाई आपल्या सात वर्षांच्या रीताला घेऊन आली. मांडीवरचं गळू चिघळून जंतू रक्तात गेले होते, छातीत पू झाला होता. पोर भात्यासारखी धापत होती. डॉक्टर रणजीत यांनी एक जड अँटिबायोटिक सुरू केलं. दर सहा तासांनी, सलाईनमधून तासभर हळूहळू द्यायचं. चार दिवस झाले, ताप एकशे तीनच्या खाली येईना.

"सिस्टरबाई, एवढी दवा चालू हाय, मंग पोरीची आग काहून उतरंना?" मिराबाई विचारायची.

"उतरंल. धीर धर."

"मी धरूनच बसले की. त्या तापालाच सांगा आता, धीर सोड म्हून."

पाचव्या दिवशी पंचफुलाबाई सकाळी ड्युटीवर आल्या, तर रात्रपाळीची सपना रीताच्या खाटेशी घामाघूम होऊन उभी. सहाच्या डोसाच्या वेळी सलाईनची सुई निसटली होती. पोरीचं अंग पाण्यानं सुजलेलं. चार ठिकाणी टोचून झालं, शीर लागली नव्हती. पंचफुलाबाईंनी पायाच्या घोट्यापाशी बोट फिरवलं, शीर धरली. औषध चालू झालं तेव्हा पावणेनऊ वाजले होते, संपलं तेव्हा पावणेदहा.

तक्त्यावर वेळा छापलेल्या असत. सहा, बारा, पुन्हा सहा, पुन्हा बारा. ज्या त्या वेळेखालच्या चौकोनी घरात सही करायची, एवढाच रिवाज. सपनाला उशिराच्या डोसाबद्दल मेट्रनचा एक मेमो आधीच मिळालेला होता, आणि नोकरी कंत्राटी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, आता काय लिहू?"

"सहाच्या घरात सही कर अन् घरी जा. दोन-तीन तासांनी काही बिघडत न्हाई."

वॉर्डात सगळ्याच जणी हे करत. पंचफुलाबाईंनीही सोबतिणींचं मन राखायला कितीदा केलं होतं. रक्तात औषध किती उरतं ते तपासायला साडेअकराला डॉक्टर रीताचं रक्त घेऊन गेले, तेव्हा त्या दुसऱ्या टोकाला झटके आलेल्या बाळाशी होत्या. बाराचा डोस बाराला गेला.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला नांदेडहून रिपोर्ट आला. डॉक्टर कागद घेऊन तक्त्यापाशी उभे राहिले.

"पंधरा," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, औषध कमी पडत असेल, ताई."

"म्हणजे?"

"एवढ्या आजारात लेकराचं शरीर नेहमीसारखं वागत नाही. सुजलेल्या अंगातल्या पाण्यात औषध पातळ होतं. काहींची मूत्रपिंडं दुप्पट जोरानं चालतात, औषध आलं की लघवीवाटे बाहेर. काहींची मंदावतात, मग औषध साचून मूत्रपिंडालाच मारतं. वजनावरून काढलेला डोस तिथे पुरत नाही. म्हणून डोसाच्या अगदी आधी रक्त घ्यायचं. तेव्हा औषध सगळ्यात कमी उरलेलं असतं. हिच्या रक्तात साडेपाच तासांनीसुद्धा पंधरा आहे. भरपूर झालं. वाढवायची सोय नाही. म्हणजे हे औषधच लागू पडत नाही. संध्याकाळपासून बदलू."

"दुसरं कोणतं?"

"हिच्यासाठी याच्याइतकं चांगलं हाताशी नाही. जे आहे ते देऊ."

पंचफुलाबाईंनी तक्त्यावरच्या सहाच्या सहीकडे पाहिलं. साडेपाच तास नव्हेत. औषध संपून दोन तासही झाले नव्हते. तेव्हाच पंधरा उरलं असेल, तर सहा तासांनी काय उरत असेल? आणि रीताची लघवीची पिशवी दिवसातून कितीदा रिकामी करावी लागते, हे त्या स्वतःच मोजून लिहीत होत्या.

दुपारच्या पाळीला आलेल्या सपनानं सगळं ऐकलं होतं. तिनं त्यांचा हात धरून चहाच्या खोलीत ओढलं.

"ताई, नका ना बोलू. माझी नोकरी जाईल."

"अन् पोरगी गेली तर?"

"सही माझी आहे."

"करायला सांगितलं मी. तसंच लिहून देईन."

त्या परत आल्या. डॉक्टर रणजीत खुर्चीत बसून नवा डोस लिहीत होते. पंचफुलाबाईंनी सरळ सांगितलं, "डॉक्टर, ती सहाची वेळ खोटी आहे. औषध पावणेदहाला संपलं. माझ्याच सांगण्यावरून तसं लिहिलं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही, ताई?"

औषध बदललं नाही. सहाच्या डोसाआधी पुन्हा रक्त घेतलं. ड्युटी संपून चार तास झाले होते, तरी पंचफुलाबाई घड्याळ बघत तिथेच उभ्या होत्या. डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून त्याच संध्याकाळी डोस वाढवला. दुसऱ्या दिवशी आकडा आला. चार. औषध रीताच्या अंगातून नुसतं वाहून जात होतं.

तिसऱ्या दिवशी ताप शंभरावर उतरला. मिराबाईनं पोरीच्या पाठीवरचा घाम पदरानं पुसला आणि तो ओला पदर पंचफुलाबाईंच्या हातावर ठेवला. "बघा सिस्टरबाई, बराबर भिजला का न्हाई!"

सगळ्या नोकरीतला पहिला मेमो पंचफुलाबाईंनी घेतला, खुलासा लिहून दिला. सपना नोकरीवर राहिली. तक्त्यावरच्या छापील वेळा गेल्या, खरी वेळ हातानं लिहायला रिकामी घरं आली.

पण त्यानंतर दीड वर्षं, निवृत्त होईपर्यंत, डॉक्टर रणजीत राऊंडला आले की पंचफुलाबाईंनी भरलेला तक्ता हातात घेऊन विचारायचे, "ताई, खरी वेळ?" आधी कधी विचारत नसत. पहिल्या दिवशी ते शब्द काट्यासारखे रुतले. पुढे सवय झाली. पंचफुलाबाई मान वर करून मिनिटासकट उत्तर द्यायच्या. "सहा वाजून बावीस मिनिटं." आणि ते खरंच तेवढं असायचं.

आता घरात कुणी काही विचारत नाही. गोळी घेतली का, एवढं सून विचारते, आणि 'हो' म्हटलं की पुरतं तिला. पंचफुलाबाई मात्र सांगतात, "आठ वाजून पाच मिनिटांनी."