सरळ केलेली बाजू

लेक आरशासमोर बसून तापलेल्या मशीनने कुरळे केस सरळ करत होती. संध्याकाळी तिला बघायला पाहुणे येणार होते. मला बघायला आलेल्या बाईंनी चारचौघांत विचारलं होतं, "केस आहेत की काथ्या?" पुढे भल्याभल्यांशी घासाघीस करून मी दुकान उभं केलं, पण त्या दिवशी गप्प बसले, ते अजून सलतं.

अर्धं डोकं झाल्यावर लेक थांबली. "आई, लग्नानंतर रोज कोण करणार हे?"

तिने सरळ केलेली बाजू नळाखाली धरली. दाबून, चटके देऊन सपाट केलेली एकेक बट पाणी लागताच आपल्या वळणावर आली. मला एकदम हलकं वाटलं. येऊ देत पाहुणे. कोणी काथ्या म्हणालंच, तर माझं उत्तर केव्हाचं तयार आहे.