आज्याचं बिऱ्हाड

आमच्यात कुणी गेलं की आधी रडून घेतात आणि मग किस्से सुरू होतात. आज्याचे तर तो असतानाच इतके साठले होते, की दिवसकार्याला जमलेल्यांची वाटणीवरून भांडणं लागली. "हा मी सांगणार, तू मागच्या खेपेला सांगितलास!" सगळे हसतात आणि मधेच कुणीतरी चहा बघायच्या निमित्ताने आत निघून जातं. बहुतेक वेळा माझे वडीलच.

आजा म्हणजे वडिलांचा बाप, सुरगाण्याकडच्या डोंगरातला. पिंपळगावला द्राक्षाच्या छाटणीला टोळीबरोबर आला. टोळी पावसाआधी भात लावायला परत गेली, हा राहिला. मग शहरात अंबडला एका वर्कशॉपमध्ये हेल्पर लागला आणि वेल्डर होऊन रिटायर झाला. मागोमाग आजी, पोरं, भाऊ, भावजया, भाचरं, सगळ्यांना एकेक करून घेऊन आला आणि सगळ्यांना पोसलं.

पण अंबडच्या घराला तो कधी घर म्हणाला नाही. म्हणायचा बिऱ्हाड. घर म्हणजे डोंगरातलं, कुडाचं, जिथे वर्षातून चार दिवस जाणं व्हायचं. वडिलांनी पत्रे काढून स्लॅब टाकला, रंग दिला आणि त्याला हाताला धरून दाखवायला नेलं. आजा सगळीकडे फिरला, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "बिऱ्हाड झ्याक झालं."

वडील त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना आज्याच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता.

*

दसऱ्याला कंपनीत बर्फी वाटायचे. आजा आपली बर्फी डब्यात घालून घरी आणायचा. घरात पोरं ही एवढी आणि बर्फी एवढीशी. मग तो आजीच्या सुईचा दोरा मागायचा आणि दोऱ्याने बर्फी कापायचा. सुरीने भुगा पडतो, कुणाचं तरी नुकसान होतं, असं त्याचं म्हणणं.

वाटून झालं की आजी विचारायची, "तुला काय उरलं?"

आजा दोरा चाटायचा. "हाय ना."

हा किस्सा आत्या सांगते. शेवटापर्यंत तिला कधीच नीट सांगता येत नाही.

*

डोंगरातून कुणीही शहरात आलं की मुक्कामाला आमच्याकडेच. कुणी सिव्हिलमध्ये दाखवायला, कुणी कॉलेजच्या ॲडमिशनला, कुणी काम बघायला. रात्री पाय ठेवायला जागा नसायची.

एकदा एक पोरगा बॅग घेऊन आला, "काका आहेत का?" म्हणाला आणि आत येऊन बसला. आजीने ताट वाढलं. चांगला आठवडाभर राहिला. आजीला वाटलं आज्याच्या बाजूचा, आज्याला वाटलं आजीच्या. शेवटी कळलं, त्याचे काका मागच्या गल्लीत. घाबरून तो बॅग भरायला लागला.

आजा म्हणाला, "आता जेवल्याबिगर कुठं चालला? बस खाली."

पोरगा आमच्याकडेच राहून शिकला. आज्याला खांदा द्यायला वडिलांच्या शेजारी तोच होता.

*

रिटायर झाला तेव्हा कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. साहेबांनी माइकवर विचारलं, "आता काय करणार?"

"घरी जाणार," आजा म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाजूच्या कंपनीच्या गेटवर, वॉचमनची जागा आहे का विचारत होता. धाकट्या आत्याचं लग्न व्हायचं होतं. ते झालं, मग भाच्याचं शिक्षण निघालं, मग माझं. घरी जाणं राहूनच गेलं. हे आठवलं की मला आमच्या सगळ्यांचाच राग येतो, माझाही.

*

त्या घड्याळाचं पुढे असं झालं, की वडिलांनी खिळा ठोकून ते भिंतीला लावलं. आज्याने संध्याकाळी येऊन खिळा उपटला. "बिऱ्हाडाच्या भितीला खिळे मारत्यात का? सोडून जाताना मालक बोलंल."

वडील ओरडले, "बा, मालक तूच हाय ना!"

घड्याळ जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलं गेलं. किती वाजले ते बघायला आम्ही सगळे कितीतरी वर्षं खाली वाकत होतो.

*

आता शेवटचा. हा वडिलांनी एकदाच सांगितला आहे.

आज्याच्या छातीत काही राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. आजा म्हणाला, "मला घरी न्या." वडिलांनी दोनदा विचारलं नाही. गावाकडचा जीपवाला बोलावला, मागच्या सीटवर गादी टाकली आणि आज्याला घाटातून हळूहळू डोंगरात नेलं. बाकीचे आम्ही दुसऱ्या दिवशी निघणार होतो.

तिथे गावच्या भावकीने ओटा सारवून ठेवला होता. बाज टाकली होती. गाव जमलं. आज्याने सगळ्यांना ओळखलं, दोन घोट पेजही घेतली. जीपवाला भाडं घेऊन परत फिरला. वडील म्हणाले, "मला वाटलं, चला, म्हाताऱ्याचं मन राखलं."

मग आज्याने त्यांना जवळ बोलावलं. "झालं ना भेटून? चल आता घरी."

"बा, घरीच आलोय आपण."

"हे नाय रं." आजा चिडला. "आपल्या. पोरं एकलीच हायेत तिकडं."

वडील उठले. गावात रेंज नाही, म्हणून मागची टेकडी चढून गेले आणि जीपवाल्याला फोन लावला. "माघारी ये," म्हणाले, "आमच्या बाला घरी जायचंय."

जीपवाला म्हणाला, "अहो भाऊ, आत्ता तं घरी सोडलं ना त्याला!"