थकवा किती वेळा येतो?

शहाद्यात मी ब्लाउज शिवते. गेल्या वर्षी आठवडाभर ताप आला. ताप उतरला, थकवा मात्र आठ महिने झाले तरी हटेना. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसायचं. एकदा तर एकाच ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

रक्त तीनदा तपासलं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सगळं ठीक. एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं, दुसरे म्हणाले, "मन रमवा." सासूबाईंचं निदान सगळ्यात झटपट: "इले काहीच व्हयेल नही, आळस शे." मी समजावणंच सोडलं. बोलायलाही ताकद लागते.

शेवटी नंदुरबारच्या एका डॉक्टरीणबाईंनी जुने रिपोर्ट नीट पाहिले आणि चार पानांची प्रश्नावली हातात दिली. "गेल्या सहा महिन्यांतलं आठवून भरा." प्रत्येक प्रश्नापुढे कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी, असे रकाने.

बाहेरच्या बाकावर बसले. पहिलाच प्रश्न, थकवा किती वेळा येतो. शेजारून नवरा वाकून म्हणाला, "कधीमधी लिख."

"थकवा तुले येस का मले?" मी विचारलं. आणि 'नेहमी'च्या रकान्यात खूण केली.

पुढचा प्रश्न होता, किरकोळ कामानंतर दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो का. इतक्या डॉक्टरांपैकी कुणी हे विचारलंच नव्हतं. सोमवारी मी केस धुतले आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात होते, याची मी नवऱ्याला आठवण करून दिली.

"मले वाटनं, तू रुसेल शे," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवला. आठ महिने मी आजारी, आणि हा माणूस रुसवा समजत होता.

कागद वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, न हटणाऱ्या थकव्याचा आजार. नुसत्या कागदावरून म्हणत नाही, बाकीचे आजार तपासून झालेत."

"औषध?"

"मुळावर घाव घालणारं नाही. ताकद संपायच्या आधी थांबायला शिका."

आजाराला नाव मिळालं म्हणून हायसं वाटलं, आणि औषध नाही म्हणून संतापही आला.

आता दिवसाला एकच ब्लाउज घेते. संध्याकाळच्या भाकरी नवरा टाकतो, जाडजूड. दुपारी दार लावून पडते. परवा एका गिऱ्हाईक बाईंनी दार वाजवलं. जरा पडलेय, मी म्हणाले. "पडल्याच आहात, तर बसल्या बसल्या एवढे हूक लावून द्या ना." मी आतूनच सांगितलं, उद्या या.