टॉप गिअरमध्ये नऊ वर्षं उभी असलेली गाडी

इंजिनच्या ब्लॉकला गेलेली चीर सांधून झाली आहे. नगरजवळच्या नागापूरच्या वेल्डरने काल दुपारी पुण्याला आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात ट्रंक कॉल करून तसं सांगितलं. सांधा टिकेल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, ओतीव लोखंड हाय. पुरतं थंड होऊ द्या, मग ते सांगंल ते खरं." एवढ्यात कॉलची तीन मिनिटं संपली.

हा ब्लॉक १९२६ सालच्या एका अमेरिकन टूररचा. उघड्या टपाची, सहा सिलिंडरची गाडी. आम्ही ती बघायला गेलो तेव्हा ती चालत होती. आम्ही निघालो तेव्हा बंद होती. मधल्या तीन दिवसांत काय झालं ते लिहितो आहे. जुन्या गाड्यांच्या मागे फिरणाऱ्यांनी ते वाचावं अशी इच्छा आहे. गावाचं नाव आणि गाडीची कंपनी मात्र मुद्दाम देत नाही. नाव छापलं की आठ दिवसांत तिथे भंगारवाला पोचतो, हा आजवरचा अनुभव आहे.

जायचं ठरवलं माझ्या मित्राने, दिगंबरने. पुण्यात नाना पेठेत त्याचं छोटं गॅरेज आहे. पोट स्कूटर आणि टेम्पोंवर चालतं, जीव जुन्या गाड्यांत असतो. त्याची स्वतःची १९३८ ची इंग्लिश गाडी त्याने सहा वर्षं खपून पुन्हा उभी केली. डॅशबोर्डचं लाकूडसुद्धा स्वतः घासून पॉलिश केलं. एप्रिलमध्ये एक ट्रकवाला त्याला सांगून गेला, "पाथर्डीच्या अंगाला एका विहिरीवर लाकडी आऱ्यांची गाडी बघितली. चालू हाय." त्या दिवसापासून दिगूला झोप नव्हती. मे महिन्यात, त्यातही यंदासारख्या दुष्काळात, तिकडे कोण जातं, असं मी म्हणून पाहिलं. त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "पावसात चिखलातून ती बाहेर कशी काढणार?" म्हणजे विकत घेऊन आणायचं मनात पक्कं होतं.

पहाटे पाचला दिगूच्या त्याच गाडीतून निघालो. शिरूरला घोडनदीच्या पुलावर थांबलो. खाली नदी नव्हती, वाळू होती, आणि वाळूत खड्डे करून बायका पाणी झिरपायची वाट बघत बसल्या होत्या. पुलापलीकडे नगर जिल्हा सुरू होतो. सुप्याला मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पण पाण्याचा पेला मागून घ्यावा लागतो आणि एकच मिळतो. तिथून नगरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली दिसतात. हॉर्न वाजवला तरी कुणी मान वर करत नाही. माझ्या एवढ्या वर्षांच्या फिरतीत दिगूच्या गाडीकडे एकाही माणसाने वळून पाहिलं नाही, असा हा पहिलाच रस्ता.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडजवळ लॉजमध्ये उतरलो. खोली स्वच्छ होती, ढेकूण नव्हते. मॅनेजरने किल्ली देतानाच सांगितलं, "बादली एकच मिळंल. आंघोळ का कपडे, एक काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी पाथर्डीचा रस्ता धरला. करंजीचा घाट लहान आहे, पण उन्हात जुन्या गाडीची परीक्षा घेतो. जाणार असाल तर सकाळी आठच्या आत चढा. तिसगावला हॉटेलवाल्याकडे दिगूने रेडिएटरसाठी पाणी मागितलं. हॉटेलवाल्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "माणसाला मागा, देतो. गाडीला न्हाई." आम्ही पुण्याहून दोन मोठे कॅन भरून आणले होते, म्हणून निभावलं. तुम्हीही न्या.

पुढे सहा मैल गाडीवाट. बाभळीची झाडं पाल्यासाठी बोडकी केलेली. गावाच्या बाहेर बावीस घरांची वस्ती लागली. सगळी बौद्ध कुटुंबं. वस्तीच्या कडेला विहीर आणि विहिरीच्या काठावर ती.

दिगू गाडीतून उतरला आणि सरळ तिच्याभोवती फिरून आला. मागचा अॅक्सल दगडी ओट्यावर चढवलेला. उजवं मागचं चाक काढून तिथे लोखंडी पुली बसवलेली, तिच्यावरून लांब पट्टा विहिरीत उतरत गेलेला. आत कपारीवर पाण्याचा पंप. बाकी गाडी जवळजवळ जशीच्या तशी. तीन चाकांना लाकडी आरे, दिव्यांना पितळी कडा, बॉनेटच्या बिजागऱ्यांना तेल, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोवर रबराचं टोपण. मागच्या सीटचं कातडं गेलं होतं, तिथे गोणपाट नीट शिवून लावलं होतं. दिगूने वाकून चासी नंबरवरची धूळ पुसली. "मूळचा आहे," तो हळूच म्हणाला. "अरे, सगळं मूळचं आहे."

"जय भीम," मागून आवाज आला. साठीचा, सडपातळ, खाकी अर्धी चड्डी घातलेला माणूस. काशिनाथ मिस्त्री. नगरच्या लष्करी वर्कशॉपात वीस वर्षं फिटर होता. तिथल्या लिलावात त्याने ही गाडी घेतली, ती चालवत इथे आला आणि वस्तीने विहीर खणली तेव्हा तिला इथे जुंपली.

"गिअर कुठला टाकता?" दिगूने विचारलं.

"टाप. नऊ वर्सं टापमदी पळतीया. फूटभर सरकली न्हाई."

तो हसला, आम्हीही हसलो.

दिगूने विकत मागितली. काशिनाथने शांतपणे मान हलवली. "इकायची न्हाई, साहेब. गावात वीज आली, वस्तीवर न्हाई आली. गावच्या विहिरीवर आमच्या बाया हंडा घेऊन हुब्या ऱ्हात्यात, कोन पानी वाढंल तवा. आता तर तिथंबी चिखल हाय. टँकर गावात येतो, हितवर येईस्तवर त्यात पानी उरत न्हाई. मग हिला इकून लावू काय विहिरीवर?"

दिगूने पुन्हा विचारलं नाही. ते मला त्याच्यातलं आवडलं.

पहाटेच्या पाण्याची रीत काशिनाथच्या सुनेने, सुलाबाईने, सांगितली. ती तिशीची, दिवसा खडीच्या कामावर जाते. रोज घरटी एक छोटी बाटली रेशनचं रॉकेल गोळा होतं. घोटभर पेट्रोलवर इंजिन सुरू करायचं, मग रॉकेलवर चालवायचं. वीस मिनिटं चाललं की ते तापतं. मग अर्धा तास थांबायचं. असं चार वेळा केलं की बावीस घरांचं भागतं. विहिरीचं पाणी तळाच्या एका खबदाडात साठतं. तिथे घागर बुडत नाही, पंपाची नळी तेवढी पोचते.

रात्री जेवण काशिनाथकडे झालं. रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. भाकरी घशाखाली उतरवायला कष्ट पडतात, पिठलं फार चांगलं होतं. शेजारची चारपाच माणसं येऊन बसली होती. दिगू रंगात आला. त्याने गॅरेजातले किस्से सांगितले. त्यातला एक ट्रक ड्रायव्हरचा. रेडिएटर गळतो म्हणून या पठ्ठ्याने त्यात मूठभर हळद टाकलेली. "मी झाकण उघडलं," दिगू म्हणाला, "आणि म्हटलं, बाबा रे, आता मीठ-तिखट घाल आणि आमटी म्हणून वाढ." सगळे खो खो हसले. काशिनाथही हसला.

त्यानंतर दिगू म्हणाला की गाडी देत नसाल तर नका देऊ, पण मला तिची सेवा तरी करू द्या. वीस मिनिटांत तापते म्हणजे आत पाण्याच्या वाटांत क्षार साचलेत. धुण्याच्या सोड्याने पोट साफ करतो, एका दमात तासभर पळेल. पाणी तुमचं नको, आमच्या कॅनमधलं वापरतो.

काशिनाथ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब. तिला तिची सवय लागलीया."

"अहो मिस्त्री, सवय कसली? मळ आहे तो."

"मळ म्हंजे... लई जुना हाय."

मी तिथेच होतो. मला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, अंकाचं काम होतं. मी म्हणालो, "करून टाक रे सकाळी लवकर." काशिनाथने माझ्याकडे पाहिलं, दिगूकडे पाहिलं. "तुमी जानकार," एवढंच म्हणाला.

सकाळी पाण्याची पहिली पाळी झाल्यावर दिगूने सोड्याचं गरम पाणी आत भरलं, इंजिन चालवलं, खालचा नळ सोडला. आधी तांबडं, मग पिवळसर, मग स्वच्छ पाणी आलं. दिगूने कॅनमधलं चांगलं पाणी भरलं. इंजिन सुरू झालं आणि खरंच, आवाजच बदलला. शिवणयंत्रासारखं चालू लागलं. दिगूने हात ब्लॉकवर ठेवून मला बोलावलं, "बघ, हात ठेवता येतोय." बायका हंडे घेऊन आल्या. पंधरा मिनिटं झाली असतील. मागून पांढरा धूर यायला लागला. मग एक सिलिंडर पेटेनासं झालं, मग दुसरं. बंद. दिगूने तेलाची कांडी ओढून पाहिली. तिला काळं तेल नव्हतं, दुधाच्या चहासारखं काहीतरी लागलं होतं. पाणी तेलात उतरलं होतं.

काशिनाथ ओट्यावर बसला. म्हणाला, "चीर हाय ब्लॉकला. पाच वर्सांमागं पान्याबिगर चालली, तवा गेली. मीच बुजवली हुती."

"कशाने?" दिगूने विचारलं.

उत्तर सुलाबाईने दिलं. "हळदीनं. मामंजी रात्री सांगनार हुते, तर तुमी आदीच आमटी वाढाया निघाले."

मी बातम्यांच्या धंद्यात इतकी वर्षं आहे. कोण का बोलत नाही, हे ओळखणं हेच माझं काम आहे. त्या रात्री ते मला ओळखता आलं नाही, कारण मी हसत होतो.

हळद पुन्हा घालून पाहिली. घराघरांतून मूठ मूठ आली. पण चीर आता धुऊन मोकळी झाली होती, बोटभर लांब दिसत होती. हळद सगळी तेलात गेली. ब्लॉक काढून वेल्ड करण्यावाचून इलाज नव्हता. दिगू आणि काशिनाथ दोघे दुपारपासून कामाला लागले. एकमेकांशी फक्त पान्यांच्या मापात बोलत होते.

संध्याकाळी सुलाबाई कामावरून आली, पदर खोचला, कमरेला दोर बांधला आणि विहिरीत उतरली. वर चार बायका दोर धरून. तळाच्या खबदाडात बसून ती वाटीने कळशी भरत होती. एक कळशी भरायला किती वेळ लागतो ते बघायला मी घड्याळ लावलं होतं, पण नंतर घड्याळ बघणं सोडून दिलं. दोनदा वरून दगड निसटले. दर वेळी खालून आवाज यायचा, "लागलं न्हाई." अंधार पडेपर्यंत नऊ कळश्या झाल्या. बावीस घरं. लहान लेकरं असलेल्या घरांना आधी, असं बायकांनी आपसात ठरवलं. ज्यांना मिळालं नाही त्यांनी भांडण केलं नाही. ते भांडले असते तर बरं वाटलं असतं.

वर आल्यावर ती आम्हाला म्हणाली, "गाडी बघाया आल्ते न्हवं? आता विहीरबी बघितली." गुडघा फुटला होता, त्यावर तिने माती दाबली. मग दिगूच्या गाडीकडे बोट दाखवलं. "ही चालू हाय की. हिचं चाक काढा, लावा पट्टा."

सगळे दिगूकडे बघायला लागले.

"ब्लॉक नागापूरला न्यायचाय," दिगू म्हणाला. "दुसरं वाहन कुठंय?"

ते खरं होतं. "ते बी हाय," काशिनाथ म्हणाला, आणि विषय तिथेच थांबला.

वस्तीवरच्या तिसऱ्या दिवशी सहा माणसांनी ब्लॉक उचलून दिगूच्या गाडीत ठेवला. मागची सीट काढून वस्तीतच ठेवावी लागली. नगरच्या बाहेर नागापूरला नवी कारखान्यांची वसाहत आहे, तिथे वेल्डर मिळाला. ओतीव लोखंड भट्टीत तापवून सांधतात आणि राखेत पुरून सावकाश थंड करतात. घाई केली की दुसरीकडे चीर जाते. पाच दिवस लागतील, तो म्हणाला. पाच दिवस म्हणजे सकाळ-संध्याकाळ धरून दहा वेळा विहिरीत उतरणं, हा हिशेब मी केला, दिगूनेही केला असावा. आता ब्लॉक उतरवला होता आणि गाडी रिकामी होती. तिचं तोंड पाथर्डीकडे वळवता आलं असतं. आम्ही ते पुण्याकडे वळवलं.

घरी आल्यावर नळ सोडला आणि पाणी आलं. या प्रवासातून काय घेऊन आलो, असं विचाराल तर एक सांगता येईल. जुनी गाडी नीट राखणारा माणूस भेटला की आपण आधी गाडीकडे बघतो आणि तिच्यात काय चुकलंय ते त्याला सांगतो. ती इतकी वर्षं कशी चालली, हे त्याला विचारत नाही. मूळचे भाग मोजायची आपल्याला सवय आहे. काशिनाथने जे घातलं होतं ते मूळचं नव्हतं, म्हणून आम्हाला तो मळ दिसला.

काल फोन आल्यावर मी गॅरेजात गेलो. दिगूने स्वतःच्या गाडीचं मागचं उजवं चाक काढलं होतं आणि काशिनाथच्या पुलीचं माप लिहिलेला कागद समोर ठेवून तो चाक बसतं त्या हबला चार नवी भोकं पाडत होता. पॉलिश केलेल्या त्या गाडीवर ड्रिलचा बुरा उडत होता.

उद्या, शुक्रवारी पहाटे आम्ही निघतो आहोत. नागापूरला ब्लॉक पाण्याच्या दाबावर तपासून मिळेल. टिकला तर तो बसवायला दोन दिवस, म्हणजे रविवारी सकाळी इंजिन सुरू व्हावं. नाही टिकला तर वेल्डर पुन्हा हात लावणार नाही म्हणतो. दोन्ही बाजूंनी विचार करून दिगूने आज दुपारी मला एक काम सांगितलं आहे. तिसगावहून पुण्याला परत यायला एस.टी. किती वाजता असते, ते स्टँडवर विचारून यायचं. दोन माणसांसाठी.